४० बॉडी कॅमेरे घ्यायचा प्रस्ताव आहे. तांत्रिक तपशिलात आणि नियमात काय असायला हवं?

तिठा

आमच्या शहरातल्या तीन पोलीस ठाण्यांसाठी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून ४० बॉडी कॅमेरे घ्यायचा प्रस्ताव आहे. १६ वाहतूक शाखेला, बाकीचे गस्तीला आणि नाकाबंदीला. मसुदा अभिप्रायासाठी शांतता समितीकडे आलाय. त्यात एवढंच लिहिलंय: फुल एचडी, १४० अंशांचा कोन, ६४ जीबी, ८ तास बॅटरी, रात्रीचं चित्रण, जीपीएस, थेट प्रक्षेपण. कॅमेरा कधी चालू करायचा, चित्रण कुठे आणि किती दिवस ठेवायचं, ते कोणी बघायचं, याबद्दल एक ओळ नाही.

जाणकारांनी चार गोष्टी सांगाव्यात. कॅमेऱ्यामुळे वागणं खरंच बदलतं, याला आधार काय? मसुद्यात काय दुरुस्त करायचं? चित्रण न्यायालयात टिकायला काय लागतं? आणि ज्याचं चित्रण झालं त्या माणसाला ते मिळवायचं असेल तर त्याने काय करायचं?

आकडेमोड

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. उत्तर "हो" असंही नाही आणि "नाही" असंही नाही. ते नियमावर अवलंबून आहे.

सगळीकडे दाखला दिला जातो तो कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो शहराचा. २०१२-१३ मध्ये तिथे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पाळ्या निवडल्या, काही कॅमेऱ्यासह आणि काही कॅमेऱ्याविना. कॅमेरा नसलेल्या पाळ्यांत बळाचा वापर जवळपास दुप्पट निघाला. दर हजार संपर्कांमागे पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ०.७ वरून ०.०७ वर आल्या. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात हेच आकडे असतात.

माहितीपत्रकात नसतो तो वॉशिंग्टन डीसीचा प्रयोग. तो याहून खूप मोठा होता, २,२२४ पोलिसांवर केलेला. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. बळाचा वापर आणि तक्रारी या दोन्हींत मोजता येईल असा फरक सापडला नाही.

दोन्ही खरे कसे, याचा धागा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासात आहे. सगळे एकत्र धरले तर बळाच्या वापरावर परिणाम शून्याच्या आसपास. पण जिथे पोलिसांनी ठरलेली पद्धत पाळली, म्हणजे प्रत्येक संपर्काच्या सुरुवातीला कॅमेरा चालू केला आणि समोरच्याला तसं सांगितलं, तिथे बळाचा वापर ३७ टक्क्यांनी घटला. जिथे बटण कधी दाबायचं हे पोलिसांनी आपल्या मर्जीने ठरवलं तिथे तो ७१ टक्क्यांनी वाढला. वाद पेटल्यावर मध्येच कॅमेरा चालू केला की समोरचा आणखी भडकतो, हे त्याचं एक पटण्यासारखं कारण.

म्हणून तुमच्या मसुद्यातली सगळ्यात महाग उणीव मेगापिक्सेलची नाही. "कधी चालू करायचा" हे वाक्य त्यात नाही, ही आहे. ते असं घालता येईल: वाहन थांबवताना, झडती घेताना, ताब्यात घेताना, भांडणाच्या किंवा तक्रारीच्या ठिकाणी पोहोचताना, गाडीतून उतरण्याआधीच रेकॉर्डिंग चालू, "आपलं बोलणं आणि चित्र रेकॉर्ड होत आहे" हे तोंडी सांगायचं, संपर्क संपेपर्यंत बंद नाही, मध्ये बंद करावा लागला तर कारण आधी कॅमेऱ्यात बोलायचं.

डॉकवाला

मसुद्यातला एकेक मुद्दा घेऊ.

*१४० अंश.* कोन जितका मोठा तितका चांगला, हा गैरसमज आहे. फुल एचडी चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल. ती १४० अंशांत वाटली तर अंशाला १४ पिक्सेलही येत नाहीत. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंमी रुंद. ३ मीटरवर तो ३ अंश व्यापतो, म्हणजे ४० पिक्सेल. अनोळखी चेहरा ओळखण्यासाठी हीच किमान पातळी धरतात. थोडक्यात, ३ मीटरपलीकडचा माणूस "कोणीतरी होता" एवढाच उरतो. १०० अंशांचा कोन घेतला तर त्याच अंतरावर ५८ पिक्सेल मिळतात आणि ओळख साधारण ४ मीटरपर्यंत टिकते. १०० ते ११० अंश लिहा. त्याहून अरुंद नको, कारण हातभर अंतरावर उभ्या माणसाचं डोकं आणि हात दोन्ही दिसायला हवेत.

*६४ जीबी.* पुरेसं आहे. ४ एमबीपीएस वेगाने तासाला १.८ जीबी लागतात, ८ तासांना १४.४. पण कार्ड काढता येणारं नको. साठवण आत बंद आणि एन्क्रिप्ट केलेली हवी. कॅमेरा संगणकाला नुसता यूएसबीने जोडला तर फाइल दिसताच कामा नये. फक्त डॉकमधून, म्हणजे कॅमेरा चार्ज करायच्या आणि चित्रण उतरवून घ्यायच्या ठाण्यातल्या खोक्यातून निघावी. जागा संपली की जुन्यावर नवं लिहिणारं लूप बंद ठेवायचं आणि ८० टक्के भरल्यावर कंपनाने इशारा मिळायला हवा. लूप चालू असेल, रोज ८ तास रेकॉर्डिंग होत असेल आणि पाच दिवस डॉकला लावायचं राहिलं, तर पहिल्या दिवसाची मारामारी पाचव्या दिवसाच्या चलानाखाली पुसली जाते.

*८ तास.* कशासाठी ८ तास, हे लिहिलेलं नाही. नुसतं सज्ज राहणं, सलग रेकॉर्डिंग आणि फोर-जीवर थेट प्रक्षेपण यांत बॅटरी अगदी वेगवेगळी चालते. "फुल एचडीत सलग रेकॉर्डिंग, पूर्व-साठवण चालू, ८ तास" असं लिहा. रोज चार्ज होणारी लिथियम बॅटरी साधारण दीड वर्षात पाचवा हिस्सा क्षमता गमावते. तेव्हा बदलती बॅटरी घ्या, किंवा दुसऱ्या वर्षाअखेर बॅटरी बदलून देण्याची अट देखभाल करारात घाला.

*मसुद्यात नसलेली पूर्व-साठवण.* कॅमेरा सतत शेवटची ३० सेकंदं आत धरून ठेवतो आणि बटण दाबलं की तीही फाइलला जोडतो. बहुतेक यंत्रांत या भागाला आवाज नसतो. याची किंमत २०१७ मध्ये बाल्टिमोरला कळली. एका पोलिसाने अमली पदार्थ आधी ठेवले, मग बटण दाबून "सापडल्याचं" चित्रण केलं. आधीची ३० सेकंदं फाइलमध्येच होती. आरोपींच्या बचावासाठी सरकार वकील देतं त्या कार्यालयाने ती पुढे आणली आणि पुढच्या वर्षी तो पोलीस बनावट पुराव्याबद्दल दोषी ठरला. किमान ३० सेकंद, शक्य तर ६० मागा, आणि ही सोय बंद करण्याचा अधिकार कॅमेरा वापरणाऱ्याकडे नको.

*रात्रीचं चित्रण.* इन्फ्रारेडमध्ये रंग जातात. लाल शर्ट पांढरट दिसतो. पंचनाम्यात "लाल" आणि चित्रात पांढरा, यावर उलटतपासणी होते. शिवाय चमकणाऱ्या जॅकेटवरून आणि नंबरप्लेटवरून तो प्रकाश उलटा येऊन अंक धुऊन निघतात. रस्त्यावर दिवे असतील तर इन्फ्रारेड हाताने बंद करता आलं पाहिजे.

*घड्याळ.* याकडे कोणी बघत नाही आणि न्यायालयात पहिला घोळ इथेच होतो. साधं क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला पावणेदोन सेकंद सरकतं, महिन्याला जवळपास मिनिट. बॅटरी पूर्ण उतरली तर काही यंत्रं २००० सालात जातात. प्रत्येक वेळी डॉकला लावल्यावर वेळ जुळली पाहिजे, आणि ज्या सर्व्हरशी ती जुळते त्याची वेळही बरोबर आहे का, हे आठवड्याला बघावं. इंटरनेटविना एकटा पडलेला सर्व्हर सगळे कॅमेरे एकसारखे चुकवतो.

*साठवणीचा हिशेब.* ४० कॅमेरे, प्रत्येकी रोज ३ तास प्रत्यक्ष रेकॉर्डिंग धरा. १२० तास, म्हणजे रोज २१६ जीबी. सगळं ९० दिवस ठेवलं तर १९.४ टीबी. त्यातलं १५ टक्के गुन्ह्याशी वा तक्रारीशी जोडून वर्षभर ठेवायचं म्हटलं तर आणखी ८.९. सुमारे २८ टीबी, आणि दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत म्हणजे त्याच्या दुप्पट. मसुद्यात यासाठी पैसेच नाहीत. कॅमेरे येतात, सर्व्हर येत नाही, मग चित्रण कोणाच्या तरी टेबलावरच्या संगणकात जातं, आणि ती डिस्क गेली की सगळं गेलं.

लाइनही मोजा. एका ठाण्यात १४ कॅमेरे, रोज ७५ जीबी. अपलोड २० एमबीपीएस असेल तर अधीक्षक कार्यालयातल्या सर्व्हरला पोहोचायला आठ तासांहून जास्त. डॉकमध्येच स्थानिक डिस्क असावी आणि तिथून सावकाश वर जावं.

खाकी_३०

डॉकवाल्यांनी यंत्राचं सांगितलंय. अंगावर बसवण्याचं मी सांगतो, कारण निम्मं चित्रण तिथेच वाया जातं.

जागा: छातीच्या मधोमध, दुसऱ्या-तिसऱ्या बटणाच्या पातळीवर. खिशाच्या क्लिपला लावला की चालताना खाली झुकतो आणि पाय रेकॉर्ड होतात. शिट्टीची दोरी भिंगासमोर येते. आतून पट्टी असलेला चुंबकी माउंट बरा, पण झटापटीत तो निसटतो. २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचा कॅमेरा असाच निसटून गाडीखाली पडला होता. म्हणून चुंबकाबरोबर छोटी सुरक्षा दोरी हवीच.

पावसाळा: जूनमध्ये रेनकोट चढला की कॅमेरा आत जातो, आणि चार महिने फक्त आवाज रेकॉर्ड होतो, तोही रेनकोटच्या खसखसीसह. रेनकोटवर आणि रिफ्लेक्टर जॅकेटवर बाहेरून बसेल असा दुसरा माउंट प्रत्येक कॅमेऱ्यामागे मागा, म्हणजे ४० नाही, ८०. पाणी आणि धूळ आत न जाऊ देणारा आयपी-६७ दर्जा लिहा, पण यूएसबीचं झाकण नीट लावलं नसेल तर तो दर्जा कागदावरच राहतो. एसी गाडीतून दमट हवेत उतरलं की भिंगावर एखाद मिनिट वाफ धरते. खिशात सुती कापड, दुसरा उपाय नाही.

हजेरीच्या वेळी दोन मिनिटांची तपासणी: कॅमेरा कोणाला दिला त्याचा बक्कल नंबर यंत्रात भरला का, तारीख-वेळ बरोबर आहे का, ३ मीटरवर उभ्या सहकाऱ्याचं डोकं आणि कंबर चौकटीत येतात का, दहा सेकंदांचं चाचणी रेकॉर्डिंग ऐकून आवाज येतो का. मग स्टेशन डायरीत कॅमेरा क्रमांक आणि बक्कल नंबर. पाळी बदलताना कॅमेरा हातोहात दुसऱ्याला दिला आणि नंबर बदलला नाही, तर चित्रण भलत्याच अंमलदाराच्या नावावर पडतं आणि साक्षीच्या वेळी दोघांचीही अडचण होते.

पोलिसांच्या बाजूचाही मुद्दा नियमात यायला हवा. जेवण, प्रसाधनगृह, खबऱ्याशी बोलणं, लैंगिक अत्याचाराच्या पीडितेशी आणि बालकांशी पहिलं बोलणं, इथे कॅमेरा कधी बंद ठेवायचा हे स्पष्ट लिहा. ते लिहिलं नाही की अंमलदार सगळीकडेच बंद ठेवतात, आणि त्याला सरसकट कामचुकारपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

साक्षपुरावा

तिसरा आणि चौथा प्रश्न.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचं भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ म्हणजे जुन्या पुरावा कायद्यातलं ६५-ब. मूळ यंत्र न्यायालयात आणायचं नसेल तर प्रमाणपत्र लागतंच. हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या, आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या प्रकरणात मिटवला. तिथेही प्रश्न निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचाच होता. तोंडी साक्ष प्रमाणपत्राची जागा घेत नाही. मात्र ज्याच्याकडे यंत्र आहे तो मागूनही प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं.

१ जुलै २०२४ पासून प्रमाणपत्राच्या नमुन्याला दोन भाग आहेत. भाग अ चित्रण सादर करणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, लिहायचं असतं. नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी-५ असे पर्याय छापलेले आहेत, एसएचए-२५६ वापरा. हे हॅश डॉकमध्ये फाइल उतरतानाच आपोआप निघालं पाहिजे. दोषारोपपत्राच्या आदल्या दिवशी पेन ड्राइव्हवर काढलेल्या हॅशवरून एवढंच सिद्ध होतं की पेन ड्राइव्हवर गेल्यापासून फाइल बदललेली नाही. त्याआधीच्या दोन महिन्यांबद्दल ते काहीच सांगत नाही.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. फाइलचं नाव बदललं किंवा ती दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवली, तर हॅश बदलत नाही. कापली, चेहरा धूसर केला, दुसऱ्या स्वरूपात बदलली किंवा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली, तर बदलतो. म्हणून मूळ फाइलला हात लावायचा नाही. जे काही करायचं ते प्रतीवर, आणि त्या प्रतीचं हॅश वेगळं नोंदवायचं.

थेट प्रक्षेपण घेणार असाल तर साक्ष्य अधिनियमाचं कलम ५७ बघा. एकाच वेळी साठवलेलं आणि दुसरीकडे पाठवून तिथेही साठवलेलं, दोन्ही प्राथमिक पुरावा ठरतात. त्यामुळे दोन्ही जागची फाइल जपावी लागेल. दोन्हींत तफावत दिसली तर बचाव पक्ष ती विचारणारच.

झडती आणि जप्तीचं वेगळं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे सगळी प्रक्रिया, यादी करणं आणि पंचांच्या सह्या धरून, दृकश्राव्य साधनाने रेकॉर्ड करायची आणि विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. कायदा "शक्यतो मोबाइल" म्हणतो. म्हणून झडतीचं मुख्य चित्रण पोलिसांच्या ई-साक्ष्य या मोबाइल ॲपवर ठेवा, अंगावरचा कॅमेरा जोडीला. वाहतूक शाखेच्या १६ कॅमेऱ्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ लागू होतो. ऑगस्ट २०२१ च्या या नियमात अंगावरचा कॅमेरा स्पष्ट नमूद आहे. यंत्र अचूक असल्याचं राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं, ते दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं, आणि चित्रण चलान निकाली निघेपर्यंत ठेवावं लागतं. चलानं कित्येक महिने पडून असतात, तेव्हा ती फाइल वरच्या ९० दिवसांच्या हिशेबातून वगळा.

आता नागरिकाचं. घाई करा, एवढंच पहिलं सांगणं. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. चित्रण ३० दिवसांत पुसलं जात असेल तर उत्तर येईपर्यंत मागण्यासारखं काही उरत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत प्रभारी अधिकाऱ्याला "चित्रण जतन करा" असं पत्र द्या, प्रत अधीक्षकांना, पोच घ्या. पत्रात तारीख, अंदाजे वेळ, नेमकी जागा, गाडी क्रमांक, चलान क्रमांक आणि दिसला असेल तर बक्कल नंबर. त्याच जागी चौकातला सीसीटीव्ही असेल तर त्याचंही नाव घाला. ठाण्यात नेलं असेल तर ठाण्याचाही: परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या आदेशाने ठाण्यातलं चित्रण शक्यतो १८ महिने आणि कोणत्याही परिस्थितीत १ वर्षापेक्षा कमी नाही, इतकं ठेवायचं आहे.

पत्रानंतर माहिती अधिकार. "तपास चालू आहे" म्हणून कलम ८(१)(एच) खाली नकार येईल. तपासात अडथळा नेमका कसा येतो हे दाखवण्याची जबाबदारी नकार देणाऱ्यावर आहे, असं अपिलात मांडा. इतर लोक दिसत असतील तर कलम १० प्रमाणे तेवढा भाग धूसर करून उरलेला मागता येतो. खटला चालू असेल तर न्यायालयाकडून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागवणं सगळ्यात खात्रीचं.

तिठा

फार उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. दोन शंका. थेट प्रक्षेपण ठेवावं की काढावं? आणि "कॅमेरा चालू केला नाही" हे पकडायचं कसं? सगळं चित्रण बघायला माणसं नाहीत.

डॉकवाला

४० पैकी ४-५ कॅमेऱ्यांना ठेवा, बाकीच्यांचं काढा. प्रत्येकी २ एमबीपीएस आणि वेगळं सिम लागतं, बॅटरीही लवकर उतरते. शिवाय ज्या दिवशी खरी गरज, म्हणजे विसर्जन मिरवणूक किंवा मोठा मोर्चा, त्याच दिवशी गर्दीमुळे टॉवर भरलेला असतो आणि चित्र अडकतं. जे घ्याल त्यात एक अट घाला: जोडणी तुटली तरी कॅमेऱ्याच्या आतलं रेकॉर्डिंग एक सेकंदही थांबणार नाही. स्वीकृती चाचणीत सिम काढून हे करून बघा.

चौकातले सीसीटीव्हीही दुरुस्त ठेवा. जानेवारी २०२३ मध्ये मेम्फिसला टायर निकोल्सला झालेल्या मारहाणीत पोलिसांच्या अंगावर कॅमेरे होते, पण झोंबाझोंबीत छातीवरच्या कॅमेऱ्याला कपडे आणि अंधारच जास्त दिसतो. कोण लाथ मारतंय हे खांबावरच्या कॅमेऱ्यात स्पष्ट होतं. आवाज मात्र अंगावरच्यांत होता.

आकडेमोड

दुसऱ्या शंकेसाठी सगळं बघायची गरज नाही. दोन याद्या जुळवा. एका बाजूला ई-चलान, स्टेशन डायरी आणि ११२ वरून आलेले कॉल; दुसऱ्या बाजूला त्याच वेळेचं रेकॉर्डिंग आहे की नाही. एका अंमलदाराने आठवड्यात ३० चलानं केली आणि चित्रण २२ चं असेल तर प्रमाण ७३ टक्के. उरलेल्या ८ ना कारण लिहायचं: बॅटरी, बिघाड, विसर, नियमाने बंद. "बिघाड" म्हटलं असेल तर डॉकच्या नोंदीत तो बिघाड दिसायला हवा. बळाचा वापर झालेल्या किंवा तक्रार आलेल्या घटनेत चित्रण नसेल तर मात्र प्रमाण न बघता लेखी खुलासा.

त्याखेरीज प्रत्येक अंमलदाराची आठवड्याला दोन चित्रणं संगणकाने निवडावीत आणि दुसऱ्या ठाण्याच्या अधिकाऱ्याने पाहावीत. आपल्याच रायटरचं चित्रण आपणच तपासायचं नाही. कोणी, कधी, कोणती फाइल उघडली याची नोंद पुसता येणारी नको.

समितीचा अभिप्राय एका पानात बसवताना जागा कमी पडली तर इन्फ्रारेड आणि कोन परिशिष्टात टाका, पण हे प्रमाण दर महिन्याला ठाणेनिहाय समितीपुढे ठेवायची अट मुख्य पानावर राहू द्या. पहिले दोन-तीन महिने ते कमीच येईल. तेव्हा कारणांच्या रकान्यात "विसर" जास्त की "बॅटरी" जास्त हे बघा. विसर असेल तर हजेरीला सराव, बॅटरी असेल तर पुरवठादाराला देखभाल कराराखाली पत्र.

खाकी_३०

आणि ते प्रमाण शिक्षेसाठी लगेच वापरू नका, पहिले ९० दिवस तरी. पहिल्याच आठवड्यात कोणाला मेमो गेला, तर दुसऱ्या आठवड्यापासून स्टेशन डायरीतल्या नोंदीच कमी व्हायला लागतील आणि प्रमाण आपोआप शंभर टक्के दिसेल. म्हणून चित्रणाच्या प्रमाणाशेजारी डायरीतल्या आणि चलानांच्या एकूण नोंदींचा आकडाही मागा, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या आकड्यासह.